मागच्या रांगेतली थोरली

वाचकहो, करकंब हे आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूर तालुक्यातले मोठे गाव. आषाढी जवळ आली की दिंड्या या वाटेने पंढरीला जातात. अशा गावातल्या एखाद्या हायस्कुलाचे मैदान डोळ्यांपुढे आणा. पुढे सांगतो ती हकीकत अमक्याची तमक्याची नाही. पण ती कुठल्याही गावी घडेल अशी आहे.

शाळा सुटली आहे. दिवस कलला आहे. मैदानात दोन खांबांना जाळी बांधली आहे. मुली व्हॉलीबॉल खेळत आहेत. कुंपणाशी सायकल टेकवून एक शेतकरी उभा आहे. त्याची मुलगी दहावीत आहे. ती शाळेच्या संघात खेळते. त्याने आज पहिल्यांदाच तिचा खेळ पाहिला. पाहून तो जरा नाराज झाला. शेजारी खेळाचे सर उभे होते. त्यांना तो म्हणाला,

"सर, अर्धा तास झाला बघतोय. आमची पोरगी सारखी पडती अन् उठती. गुडघं लाल झालं. पण एक बी पॉइंट तिनं केला न्हाई. त्या उंच पोरीनं चार केलं. मग आमच्या पोरीला संघात घेतलंय कशाला?"

सर हसले. म्हणाले, "दादा, तुमच्या पोरीनं किती चेंडू पडू दिले नाहीत, ते मोजलं का?"

"ते कोण मोजतं?"

"कोणीच मोजत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतो. जरा बसा."

सरांनी त्या बापाला जे सांगितले, तेच आपण इथे समजून घेऊ.

खेळ कसा असतो

व्हॉलीबॉल हा खेळ १८९५ साली अमेरिकेत निघाला. होलिओक नावाच्या गावी विल्यम मॉर्गन हे व्यायामाचे शिक्षक होते. त्यांच्याकडे प्रौढ माणसेही व्यायामाला येत. त्यांना धक्काबुक्कीचा खेळ झेपत नसे. म्हणून मॉर्गन यांनी मधे जाळी बांधली. दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. कोणी कोणाच्या अंगावर जायचे नाही. चेंडू तेवढा जाळीवरून पलीकडे घालवायचा. पुढे हा खेळ साऱ्या जगात गेला. आपल्या देशातही तो गावोगाव पसरला. याचे कारण सोपे आहे. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि थोडी सपाट जमीन एवढे असले की खेळ सुरू होतो.

मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. म्हणजे साधारण साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद. मधल्या जाळीने त्याचे दोन सारखे भाग होतात. बायकांच्या मोठ्या सामन्यात जाळीची वरची कड २.२४ मीटर उंच असते. पुरुषांसाठी ती २.४३ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट असते. चेंडू पाव किलोहून थोडा जड असतो.

प्रत्येक बाजूला सहा गडी असतात. तीन जाळीजवळ पुढे आणि तीन मागे. एका बाजूने चेंडू मारून खेळ सुरू करायचा. त्याला सर्व्हिस म्हणतात. चेंडू आपल्या अंगणात आला की जास्तीत जास्त तीन वेळा मारून तो परत पलीकडे घालवायचा. एकाच गड्याने लागोपाठ दोनदा मारायचा नाही. चेंडू हातात धरून ठेवायचा नाही. आणि जमिनीवर पडू द्यायचा नाही.

तीन वेळा मारायचा, त्याची कामे वाटलेली असतात. पहिला गडी आलेला चेंडू उचलतो. दुसरा तो जाळीजवळ उंच, अलगद चढवून देतो. तिसरा उडी मारून जोराचा फटका देतो. लोक टाळ्या वाजवतात त्या तिसऱ्याला. पण पहिल्याने चेंडू उचललाच नाही, तर दुसऱ्याला काम नाही आणि तिसऱ्याला फटका नाही. पेरणीच झाली नाही तर खळे कशाचे करणार?

एका चेंडूची किंमत

पूर्वी या खेळात ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच पॉइंट मिळे. आपली सर्व्हिस असताना आपल्याकडून चेंडू पडला, तर नुसती सर्व्हिस जाई. पॉइंट जात नसे. १९९८ नंतर हा नियम बदलला. आता सर्व्हिस कोणाचीही असो, चेंडू आपल्याकडे पडला की समोरच्यांना एक पॉइंट. पहिल्यांदा २५ पॉइंट करील त्याने तो डाव जिंकला. मात्र दोन पॉइंटांची आघाडी हवी. मोठ्या सामन्यात तीन डाव जिंकावे लागतात. दोन-दोन अशी बरोबरी झाली, तर पाचवा डाव १५ पॉइंटांचा होतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. फटका मारून मिळवलेला पॉइंट एक आणि मागे पडू दिलेला चेंडूही एकच. दोन्हीची किंमत सारखी. मिळवणारा दिसतो. राखणारा दिसत नाही. घरातही असेच असते. बाजारातून पैसे घेऊन येणारा सगळ्यांना दिसतो. चूल, गोठा आणि पाणी राखणारी कोणाच्या हिशेबात येत नाही.

त्या शेतकऱ्याची मुलगी राखणारी होती. मागच्या रांगेत उभी राहून ती येईल तो चेंडू उचलत होती.

लिबेरो म्हणजे कोण

राखणाऱ्या गड्याची किंमत ओळखून १९९८ साली एक नवा नियम आला. प्रत्येक संघाला एक खास राखणदार ठेवता येऊ लागला. त्याला लिबेरो म्हणतात. हा इटलीच्या भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ मोकळा. या गड्याचा सदरा इतरांहून वेगळ्या रंगाचा असतो. म्हणजे पंचाला तो दुरूनही ओळखू येतो. मागच्या रांगेतल्या कोणाच्याही जागी तो येऊ शकतो आणि परत बाहेर जाऊ शकतो. बाकीच्या गड्यांच्या बदलाला मोजमाप असते. याच्या येण्याजाण्याला ते नसते.

पण त्याला बंधनेही आहेत. जाळीच्या वर असलेल्या चेंडूला त्याने फटका मारून पलीकडे घालवायचा नाही. समोरच्याचा फटका जाळीवर हात धरून अडवायचा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याने सर्व्हिसही करायची नाही. म्हणजे पॉइंट मिळवायच्या साऱ्या मोठ्या वाटा त्याला बंद आहेत. त्याने फक्त राखायचे.

या नियमाने एक मोठी गोष्ट झाली. व्हॉलीबॉल हा उंच माणसांचा खेळ होत चालला होता. लिबेरोमुळे बुटक्या, पण चपळ आणि जिद्दी खेळाडूला संघात हक्काची जागा मिळाली. आपली मुलगी उंच नाही म्हणून तिला हा खेळ जमायचा नाही, असे आता कोणी म्हणू नये.

थोरली काय शिकवते

शाळेच्या खेळांत वयाप्रमाणे गट असतात. १४ वर्षांखालचा, १७ वर्षांखालचा आणि १९ वर्षांखालचा. सामने आधी तालुक्याला होतात. जिंकला तो संघ जिल्ह्याला जातो. मग विभागाला आणि शेवटी राज्याला. आपला सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो.

सतरा वर्षांखालच्या संघात दहावीची मुलगी आणि आठवीची मुलगी एकाच अंगणात उभ्या राहतात. एकीने दोन-तीन वर्षे चेंडू खाल्लेले असतात. दुसरीला अजून चेंडूची भीती वाटते. शिकवायला सर आहेत, हे खरे. पण सर एक आणि मुली बारा. आणि खेळ चालू झाला की सर रेघेच्या बाहेर असतात. आत, दोन हातांवर, थोरलीच असते.

तालमीत काय होते ते आठवा. वस्ताद डाव सांगतो. पण रोज अंगाला अंग लावून तो डाव नवख्याकडून पक्का करून घेतो, तो थोरला पैलवान. दिंडीतही नवा टाळकरी शेजारच्या जुन्याकडे बघूनच पाऊल टाकायला शिकतो. मैदानातही तसेच आहे. आता थोरली धाकटीला काय काय शिकवते ते पाहू.

पहिला धडा उभे राहण्याचा. पाय खांद्याइतके फाकवायचे. एक पाय जरा पुढे. गुडघे वाकवायचे. अंगाचा भार टाचेवर न ठेवता चवड्यावर घ्यायचा. हात पुढे आणि मोकळे. ताठ उभी राहिलेली मुलगी खाली वाकेपर्यंत चेंडू मातीत गेलेला असतो.

दुसरा धडा हातांचा. सर्व्हिस उचलताना दोन्ही हात जोडायचे. अंगठे शेजारी शेजारी. कोपरे सरळ. चेंडू बोटांवर घ्यायचा नाही. मनगट आणि कोपर यांच्या मधल्या सपाट भागावर घ्यायचा. हात जोराने वर झटकायचे नाहीत. गुडघे सरळ करीत चेंडू वर उचलायचा. ज्या बाजूला चेंडू पाठवायचा त्या बाजूला हातांचा उतार ठेवायचा.

तिसरा धडा जोर मुरवण्याचा. घराचे काम चालले असताना खालचा गडी घमेले वर फेकतो. वरचा ते झेलतो. झेलताना तो हात ताठ ठेवत नाही. घमेल्याबरोबर हात जरा मागे घेतो. म्हणजे हाताला हिसका बसत नाही. जोराचा फटका उचलताना असेच करायचे. हात किंचित मऊ सोडायचे. ताठ हातांवरचा चेंडू कुंपणाबाहेर जातो. मऊ हातांवरचा चेंडू आपल्याच अंगणात वर चढतो.

चौथा धडा डोळ्यांचा. नवखी मुलगी चेंडूकडेच बघत राहते. मोठ्या पुरुष खेळाडूंचा फटका तासाला १०० किलोमीटरपेक्षाही वेगाने येतो. शाळेतला फटका एवढा नसतो, तरी पापणी लवायच्या आत तो पोहोचतो. तेव्हा चेंडू हातातून सुटल्यावर पळून उपयोग नाही. मारणारीचा खांदा कुठे वळला, ती कुठून धावत आली, हात पूर्ण ताणला की आखडता घेतला, हे आधी बघायचे. आखडता हात दिसला की चेंडू जाळीजवळ अलगद पडणार, हे ओळखायचे आणि एक पाऊल पुढे यायचे.

पाचवा धडा तोंडाचा. मैदानात लाजून चालत नाही. चेंडू आपला असेल तर मोठ्याने "माझा!" म्हणून ओरडायचे. चेंडू बाहेर चालला असेल तर "सोड!" म्हणायचे. पुष्कळ चेंडू कोणाच्या अंगावर पडत नाहीत. ते दोघींच्या मधे पडतात. हिला वाटते ती घेईल, तिला वाटते ही घेईल. दोघी चांगल्या आणि चेंडू मातीत. गावकीच्या कामातही असेच होते. दोघांच्या मधले काम कोणाचेच नसते.

सहावा धडा पडण्याचा. होय, पडायलाही शिकावे लागते. उंचावरून धाडकन गुडघ्यावर पडले तर दुखापत होते. आधी अंग जमिनीजवळ न्यायचे. मग चेंडूखाली हात घालायचा. मग कुशीवरून, खांद्यावरून लोळण घेऊन लगेच उभे राहायचे. हे आधी भुसभुशीत मातीत शिकायचे. कठीण जमिनीवर नंतर. गुडघ्यांना जाड पट्टे बांधायचे. पट्टे नसतील, तर गुडघे टेकायची सवय आधी मोडायची.

शिकवणे आणि रागावणे यांत फरक आहे

काही ठिकाणी थोरले गडी धाकट्यांना पाणी आणायला लावतात. चेंडू गोळा करायला लावतात. चुकले की चारचौघांत हिणवतात. त्याला ते शिकवणे म्हणतात. ते शिकवणे नव्हे. भिलेली मुलगी "माझा!" म्हणत नाही. तिला वाटते, हाक दिली आणि चुकले तर बोलणी बसतील. त्यापेक्षा गप्प राहिलेले बरे. मग चेंडू मधे पडू लागतात.

चांगली थोरली एका वेळी एकच गोष्ट सांगते. "मागचे लांब चेंडू मी बघते. तू फक्त पुढचा आखूड चेंडू बघ." एवढेच. धाकटीच्या डोक्यावरचे ओझे हलके होते. आठ दिवसांनी ती तिला आणखी थोडी जागा देते. महिन्याने आणखी थोडी. आपली जागा अशी हळूहळू सोडत जाणे, हे थोरलीचे सर्वांत अवघड काम आहे. सगळे चेंडू आपणच घ्यावे, असे तिला आतून वाटत असते. आणि ते तिला जमतेही.

तालुक्याचा सामना आहे असे समजा. डाव अगदी शेवटाला आला आहे. आपले २२, समोरच्यांचे २३. समोरून सर्व्हिस आली. चेंडू थोरली आणि धाकटी यांच्या मधे येऊ लागला. धाकटीने हाक दिली, "माझा!"

थोरलीचा पाय उचललेला होता. तो चेंडू तिने दहा वेळांतून नऊ वेळा उचलला असता. पण तिने पाय मागे घेतला. धाकटीचे हात खाली पोहोचेपर्यंत उशीर झाला. चेंडू पडला. २२ आणि २४. धाकटीचा चेहरा पडला. बाहेरून कोणी तरी ओरडले, "थोरलीनं का नाही घेतला?"

थोरली धाकटीजवळ गेली. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हाक बरोबर दिलीस. पाय तेवढा उशिरा हलला. आता तिकडून परत तुझ्यावरच टाकतील. पुढचा पण तुझाच."

तसेच झाले. सर्व्हिस परत धाकटीवर आली. या वेळी तिचा पाय आधी हलला. चेंडू तिच्या हातांवरून उंच चढला. उंच मुलीने फटका दिला. २३ आणि २४.

पुढे तो डाव कोणी जिंकला, हे सांगत नाही. तो जिंकला असेल किंवा हरला असेल. पण थोरलीने चेंडू का सोडला, ते समजणे महत्त्वाचे आहे. तिने तो चेंडू घेतला असता, तर कदाचित एक पॉइंट वाचला असता. पण धाकटीला कळले असते की आपल्या हाकेला किंमत नाही. पुन्हा तिने हाक दिली नसती. आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा देऊन थोरली शाळेतून गेली, म्हणजे मागच्या रांगेत कोण उरले असते?

जपानच्या गिरणीतल्या मुली

राखण्याच्या जोरावर जग जिंकता येते काय? येते. याची एक खरी हकीकत आहे.

जपान देशात ओसाका शहराजवळ कायझुका नावाचे गाव आहे. तिथे सूतगिरणी होती. आपल्या सोलापूरलाही १८७७ साली मोठी सूतगिरणी उभी राहिली होती. तिला लोक जुनी मिल म्हणत. तशीच ही कायझुकाची गिरणी. गिरणीच्या मुलींचा एक व्हॉलीबॉल संघ होता. हिरोबुमी दायमात्सु हे त्यांना शिकवत. मुली दिवसा गिरणीचे काम करीत आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव करीत.

सोव्हिएत युनियनच्या खेळाडू बायका अंगाने दणकट होत्या. त्यांचे फटके जबर असत. त्यांच्याशी नुसत्या फटक्याने बरोबरी होणार नव्हती. दायमात्सु यांनी मुलींना चेंडू राखायला शिकवले. चेंडूवर झेप घ्यायची, उचलायचा, लोळण घ्यायची आणि त्याच झोकात उभे राहायचे. तळाशी जड असलेली एक बाहुली असते. ती पाडली तरी परत उभी राहते. तिच्यावरून त्यांना ही लोळण सुचली, असे सांगतात.

१९६२ साली मॉस्को शहरात जगाची अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. तिथे या मुलींनी सोव्हिएत युनियनच्या संघाला हरवले. १९६४ साली टोकियो शहरात ऑलिंपिक सामने भरले. ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल तेव्हा पहिल्यांदाच आला. जपानच्या संघातल्या बहुतेक मुली याच गिरणीतल्या होत्या. मासाए कासाई या त्यांच्या कप्तान. त्या तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या, संघातल्या थोरल्या. २३ ऑक्टोबरला शेवटचा सामना झाला. जपानने सोव्हिएत युनियनच्या संघाला तीन डावांत सरळ हरवले आणि सोन्याचे पदक मिळवले. पुढे जपानात लेकुरवाळ्या बायकांनीही हा खेळ धरला. त्यांचे वेगळे सामने होऊ लागले.

या हकीकतीतून एक गोष्ट घ्यावी आणि एक सोडावी. पडले की उठायचे, ही जिद्द घ्यावी. पण त्या सरावात मुलींना फार सोसावे लागले. अंग फुटेपर्यंत त्यांना खेळवले. त्यावर तेव्हाही टीका झाली. ते आपण घेऊ नये. वाढत्या वयाच्या मुलामुलींना विश्रांती लागते, झोप लागते आणि अभ्यासाला वेळ लागतो.

आपल्या देशानेही या खेळात नाव मिळवले आहे. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत आपला पुरुषांचा संघ दुसरा आला. १९८६ साली सोल येथे तो तिसरा आला. त्या संघात केरळचे जिमी जॉर्ज होते. त्यांचा फटका अजून लोकांच्या आठवणीत आहे. पण त्यांच्यासाठी पहिला चेंडू कोणी कोणी उचलला, ती नावे फार थोड्यांना सांगता येतील.

घरच्यांनी आणि गावाने काय करावे

मुलगी खेळते म्हटले की घरात चार प्रश्न निघतात. अभ्यास बुडेल का? हातपाय मोडतील का? लोक काय म्हणतील? आणि शेवटी, याचा उपयोग काय?

अभ्यासाचे म्हणाल, तर वेळ बांधून दिला की दोन्ही होते. दुखापतीचे म्हणाल, तर ती बहुधा निष्काळजीपणाने होते. मैदानातले खडे वेचावे. खेळायच्या आधी पाणी शिंपडावे. खेळाला लागण्यापूर्वी थोडे धावून अंग मोकळे करून घ्यावे. आपल्या भागात उन्हाळा कडक. तेव्हा सकाळी नाही तर संध्याकाळीच खेळावे. प्यायला पाणी जवळ ठेवावे.

खेळणाऱ्या मुलीला पोटभर जेवण हवे. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, जमेल तसे दूध आणि अंडी. घरातल्या मुलग्याला आधी आणि मुलीला उरलेसुरले, असे करू नये. मुलगी लवकर थकते, धाप लागते, चेहरा पांढरा दिसतो, असे असेल तर तिला दवाखान्यात दाखवावे. पुष्कळ मुलींच्या अंगात रक्त कमी असते. ते औषधाने आणि आहाराने भरून निघते. पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर खेळायला हरकत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

लोक काय म्हणतील, याला औषध एकच. लोकांनी मैदानावर येऊन बघावे. बापाने, भावाने, आईने एकदा कुंपणाशी उभे राहावे. गावाने खांब बसवायला आणि मैदान सपाट करायला एक दिवस हात लावावा.

आणि उपयोग? मोठ्या स्पर्धेत नाव झाले तर पुढे शिक्षणाला, नोकरीला त्याची मदत होते. पण सगळ्याच मुली राज्याला जाणार नाहीत. बहुतेक तालुक्यालाच राहतील. तरी त्यांच्या हाती काही लागते. आपल्या कामाची हाक मोठ्याने द्यायला त्या शिकतात. चुकले तर दुसऱ्या घटकेला उभे राहायला शिकतात. आणि आपल्याला येते ते दुसरीच्या हाती द्यायला शिकतात.

हा शेवटचा धडा सर्वांत मोठा आहे. शाळेचा संघ दर वर्षी बदलतो. जुन्या मुली जातात. नव्या येतात. चषक शाळेच्या कपाटात राहतो. पण चेंडू कसा उचलायचा, ही विद्या कपाटात ठेवता येत नाही. ती एकीच्या हातातून दुसरीच्या हातातच जावी लागते. ज्या वर्षी थोरली शिकवीत नाही, त्या वर्षी संघ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

अंधार पडू लागला. सरांचे बोलणे संपले. तो शेतकरी पुन्हा मैदानाकडे बघू लागला. त्याची मुलगी आता खेळत नव्हती. ती रेघेबाहेर उभी होती. तिच्या जागी आठवीतली एक लहानखुरी मुलगी होती. पलीकडून फटका आला. लहान मुलगी खाली बसली. चेंडू वर चढला.

"एक," बाप हळूच म्हणाला.

वाचकहो, तुमच्या गावी कधी व्हॉलीबॉलचा सामना झाला तर जरूर जा. फटके बघा. टाळ्या वाजवा. पण दहा मिनिटे मागच्या रांगेकडेही बघा. किती चेंडू पडता पडता राहिले, ते मोजा. आणि तिथली थोरली धाकटीला काय सांगते आहे, त्याकडे कान द्या.